नोव्हेंबर नामंजूर

"बाई, सप्टेंबर तुम्हाला कसा वाटतो?"

भिंगारमधल्या त्या घरात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एकाहत्तर साल, जून महिना. कोपरगावहून एसटीनं आले होते, हायस्कुलात शिक्षिकेची पहिली नोकरी लागली होती. घरमालक काय काय विचारतात त्याची उत्तरं मी वाटेत पाठ केली होती. माहेर कुठलं, स्वयंपाक करणार की डबा लावणार, सुट्टीत पाहुणे किती येणार. सप्टेंबरची तयारी केली नव्हती.

"चांगला असतो," मी म्हणाले.

"भिंगारात चांगला असतो. मी फ्लॉरेन्सचं विचारतोय."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, पोरीला आधी पाणी तर पिऊ द्या. मग धाडा तिकडं."

खोली मला मिळाली. पुढची अडीच वर्षं मी तिथं राहिले, आणि इटलीतल्या एका जुन्या शहरात कुठल्या महिन्यात जावं, या विषयावर जेवढं बोलणं ऐकलं तेवढं मी स्वतःच्या लग्नाविषयीही ऐकलं नाही.

त्यांना मी काका म्हणायची. लष्कराच्या एका डेपोतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते. सडसडीत अंग, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खिशाला दोन पेनं. एक सहीचं, दुसरं शेऱ्याचं. बोलणंही फायलीतलं. भाजीत मीठ जास्त झालं तर "सदर भाजीबाबत फेरविचार व्हावा" असं म्हणायचे. काकू जामखेडकडच्या शेतकरी घरातल्या. त्या "फेरविचार उद्या" म्हणून तीच भाजी पुन्हा वाढायच्या.

फ्लॉरेन्सची एक फाईल होती. तिच्यात प्रत्येक महिन्याला एक फुलस्केप कागद, आणि कागदाच्या तळाशी तांबड्या शाईत शेरा. जुलै, नामंजूर, उष्मा. ऑगस्ट, नामंजूर, दुकानं बंद असतात आणि भली माणसं समुद्रावर जातात. एप्रिल वर्षानुवर्षं विचाराधीन होता, पण ईस्टरच्या गर्दीमुळे अडकून पडला होता. सप्टेंबरचं प्रकरण मंजुरीच्या अगदी जवळ आलं होतं. नोव्हेंबरवर मात्र ठाम रेघ होती. नोव्हेंबर नामंजूर, पाऊस, नदीला पाणी, दिवस लहान, मन लागत नाही.

मला गंमत वाटायची ती त्यांच्या माहितीची. एखाद्या पुस्तकात मिळणार नाही अशी ती असायची. "मार्चमध्ये तिथं वारं असं सुटतं की वाळत घातलेला शर्ट शेजारणीच्या अंगणात जातो." किंवा, "ऑक्टोबरच्या शेवटी खिडकीतल्या कुंड्या आत घ्याव्या लागतात." त्यांनी फ्लॉरेन्स तर सोडाच, मुंबईचा समुद्रही धड पाहिलेला नव्हता. पासपोर्ट काढायला गेले तेव्हा बोरीबंदरवरून पाहिला असता, पण ती वेळ भरतीची नव्हती म्हणे.

पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. मुदत संपली की ते तो नवा करून आणत. जुना आणि नवा शेजारी ठेवून काकू मला दाखवायच्या. "बघ, ह्या फोटूत केस काळे, ह्यात पांढरे. गेलं कुठंच न्हाई मानूस, पर वय झालं."

योग्य वेळ गाठायचा त्यांचा हट्ट फक्त परदेशाबाबत नव्हता. स्वेटर पंधरा नोव्हेंबरला ट्रंकेतून बाहेर यायचा आणि पंधरा फेब्रुवारीला आत जायचा. त्या मुदतीत घाम आला तरी तो अंगावर असायचा, आणि मुदतीबाहेर हुडहुडी भरली तरी नसायचा. छत्री ते हिवाळ्यात घेत, कारण त्या दिवसांत दुकानदार छत्री नीट उघडून दाखवतो. एकुलत्या एका मुलीचं लग्न त्यांनी चार वेळा पुढं ढकललं होतं, हवा चांगली हवी म्हणून. अखेर बारा वर्षांच्या नोंदी तपासून फेब्रुवारीतला एक दिवस काढला. त्या दिवशी मांडवावर लिंबाएवढ्या गारा पडल्या.

"बरं झालं पडल्या," काकू म्हणायच्या. "अक्षता टाकून झाल्याव पडल्या. आधी पडत्या तर ह्यांनी पाचव्यांदा तारीख काढली असती."

फ्लॉरेन्सचा धागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. भिंगारजवळ परदेशी कैद्यांची छावणी होती आणि काका तिच्या ऑफिसात कारकून होते. एक दिवस ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. कैद्यांमध्ये एक इटालियन होता, मुंबईत घड्याळजींच्या दुकानात कामाला आलेला. लढाई सुरू झाली तसा त्याला उचलून इकडे आणला. बिचारा पिस्तूल सोडा, मोठा चाकूही न हाताळलेला. त्यानं ते घड्याळ दुरुस्त करायला तीन दिवस घेतले. काम तासाभराचं होतं, पण ऑफिसात पंखा होता. त्या तीन दिवसांत काकांची त्याच्याशी दोस्ती झाली आणि पुढं तो रोज थोडं थोडं इटालियन शिकवू लागला.

लढाई संपली, घड्याळवाला आपल्या गावी, फ्लॉरेन्सला गेला, स्वतःचं दुकान काढलं. दर नाताळात त्याचं पत्र यायचं. शेवटची ओळ कायम तीच, "कुठल्या महिन्यात येतोस?" पुढं त्याचा मुलगा विमान कंपनीत लागला आणि तिकिटाचा प्रश्नच उरला नाही. आता फक्त महिना कळवायचा होता. काका दर वर्षी दोन पानी टाईप केलेलं उत्तर पाठवत आणि त्यात यंदाचा महिना का ठरू शकला नाही याची कारणं क्रमवार देत.

गावातल्या माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज काका लिहून देत. बहात्तरच्या उन्हाळ्यात खर्ड्याकडचा एक म्हातारा अशाच कामासाठी आला. खाकी कोट, कानाला मोठा आवाज लागायचा. सेवेचा तपशील भरताना काकांनी विचारलं, "लढाईत कुठं कुठं होता?"

"इटलीत हुतो जी. फलारन्सला बी गेल्तो."

काकांचं पेन थांबलं. इतक्या वर्षांत तिथं जाऊन आलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता, तोही स्वतःच्या ओसरीवर. मी वह्या तपासत बसले होते, मीही मान वर केली.

"कुठल्या हंगामात होता तुम्ही तिथं?" काकांनी जवळ सरकून विचारलं.

"हंगाम?" म्हातारा बुचकळ्यात पडला. "साहेब, पलटनीला कसला आलाय हंगाम? चला म्हनले, गेलो. ऊन लई हुतं. ऑगस्ट आसंल."

"ऑगस्ट नामंजूर आहे," काका पुटपुटले. "बरं, शहर कसं वाटलं?"

"शहर कुठं बघाया मिळतंय. पूल समदे उडवल्याले. नळाला पानी न्हाई. लोकं बादल्या, बाटल्या, घमेली घिऊन लायनीत उभी. आमी गाडीनं पानी वाटायचो. आमच्या खर्ड्याकडं आत्ता वाटत्यात ना, तसंच. बायाच जास्ती. काळे कपडे घातल्याल्या."

काकांनी पेन खाली ठेवलं. मग एक प्रश्न विचारला, जो मला त्या वेळी फार विचित्र वाटला.

"त्यांच्यात एखादी म्हातारी बाई होती का? एकटी?"

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "साहेब, समद्या म्हाताऱ्या एकट्याच हुत्या."

अर्ज पुरा झाला, म्हातारा गेला. काकांनी ऑगस्टचा कागद काढला, बराच वेळ समोर धरला आणि काही न लिहिता ठेवून दिला. संध्याकाळी मला म्हणाले, "लढाईतला ऋतू हिशेबात धरता येत नाही, बाई. ती नोंद ग्राह्य नाही." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आमच्या गल्लीतल्या नळाला आधी एक दिवसाआड पाणी यायचं, मग चार दिवसांनी, मग फक्त फुसफुस. त्र्याहत्तरच्या मेपर्यंत सगळं भिंगार टँकरच्या वेळेवर जगत होतं. कडुलिंबाखाली घागरींची रांग सकाळपासून लागायची, आणि माणसं सावलीत अन् घागरी उन्हात अशी व्यवस्था होती. शाळेत मुलं कमी झाली होती. पुष्कळांचे आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते आणि मुलंही त्यांच्याबरोबर.

अशात एका दुपारी तार आली. तार म्हटल्यावर काकूंनी आधी तोंडाला पदर लावला. काकांनी वाचली आणि ओसरीच्या पायरीवर बसले.

तार घड्याळवाल्याची होती. तिच्यात एवढंच होतं, "अठरा तारखेला भिंगारला पोचतो. मला कुठलाही महिना चालतो."

"मे!" काका म्हणाले. "मे महिन्यात भिंगारला कोणी येतं का? या वर्षीच्या मेमध्ये? त्याला आंघोळीला पाणी कुठून द्यायचं?" ते उठले, चपला घातल्या. "जानेवारीत ये म्हणून उलट तार करतो."

"तो निगाला आसंल," काकू म्हणाल्या. "तार काय इमानाच्या मागं पळनार हाय?"

काका पुन्हा पायरीवर बसले. मला वाटलं, पाहुण्याच्या पाण्याची काळजी. मी म्हणाले, "काका, माझ्या वाटणीची एक घागर घ्या. होईल सगळं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि एक लांबट वही घेऊन आले. वहीत पानापानांवर कागदाच्या अरुंद पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. निळ्या शाईतलं बारीक, तिरपं अक्षर. प्रत्येक पट्टीवर काकांच्या हातची तारीख.

"हे अक्षर त्याच्या आईचं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते फायलीच्या भाषेत सांगितलं, म्हणूनच ते ऐकणं मला झेपलं. इटालियन वाचता येऊ लागल्यावर त्यांनी मोठ्या फुशारकीनं ते साहेबाच्या कानावर घातलं होतं. साहेब खूश झाला आणि इटालियन कैद्यांना आलेली पत्रं तपासायचं काम त्यांच्यावरच टाकलं. म्हणजे घड्याळवाल्यानं जी भाषा शिकवली, तिचा पहिला उपयोग त्याचीच पत्रं वाचायला झाला. हुकूम असा होता की हवापाण्याचा उल्लेख पत्रात राहता कामा नये. पाऊस, ऊन, धुकं, जे असेल ते कापायचं आणि जाळायचं.

"पत्र यायला चार-चार महिने लागायचे," काका म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी पडलेल्या पावसात कसलं गुपित, हे मी साहेबाला विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती."

घड्याळवाल्याची आई गावी एकटी होती. मुलानं हिंदुस्थानात जाऊ नये म्हणून तिनं हट्ट धरला होता, आणि तो तिचं न ऐकता आला होता. तिचं पत्र नेहमी एकाच साच्याचं असे. वर दोन ओळी, मी बरी आहे, तू बरा राहा. खाली सही. आणि सहीच्या खाली लांबलचक ताजा कलम. म्हातारीला जे काही बोलायचं ते ती सगळं तिथं बोलायची, आणि बोलायची ते हवापाण्याचं. आज धुकं आहे, तुझ्या खिडकीतली कुंडी आत घेतली. वारं फार आहे, तुझा शर्ट धुऊन वाळत घातला होता तो शेजारणीकडं उडून गेला, तुझा शर्ट मी अजून दर महिन्याला धुते.

काका सहीच्या खालून पत्र कापत. "मी सरळ कापायचो. ऑफिसात माझी कात्री प्रसिद्ध होती. कापलंय हे कळायचं नाही."

म्हणून घड्याळवाल्याच्या हातात दोन ओळींचं पूर्ण पत्र पडायचं. तो ते घेऊन काकांकडेच यायचा. म्हणायचा, "आई अजून रागावलेली आहे. बघ, दोनच ओळी. परक्या माणसाला लिहावं तसं." आणि काका त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात म्हातारी वारली. मुलगा घरी पोचला तेव्हा घराला कुलूप होतं.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगणार होतो. पहिल्या पत्रातच. पण तेव्हा आई गेल्याचं त्याला कळून सहाच महिने झाले होते. म्हटलं, इतक्यात नको. मग त्याचं लग्न ठरलं. लग्नात कशाला. मग मुलगा झाला. मग वाटलं, असली गोष्ट पत्रानं कळवू नये, समक्ष सांगावी. समक्ष सांगायची तर तिथं जायला हवं. जायचं तर आधी महिना ठरवायला हवा."

त्यांनी वही मिटली. काकू दारात उभ्या होत्या. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी त्यांना विचारलं.

"ट्रंक कुनाची हाय?" काकू म्हणाल्या. "माझ्या म्हायेरची."

अठरा तारखेला पुण्याहून टॅक्सी करून घड्याळवाला आला. सत्तरीचा, गोल पोटाचा, नाक उन्हानं लाल झालेलं. उतरल्याबरोबर त्यानं काकांना मिठी मारली आणि दोन्ही गालांचे पापे घेतले. गल्लीतल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि ते दृश्य पुरेपूर पाहून घेतलं.

त्याची हिंदुस्थानी छावणीतली होती. "हम घर आया!" तो म्हणाला. जिथं कैद भोगली त्या जागेला घर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. काका त्याच्याकडे ऊन, धूळ, टँकर या सगळ्यांबद्दल एकेका कलमानं माफी मागू लागले तसा तो हसत सुटला. "तुम पागल. हम तुमको देखने आया, मौसम देखने नहीं आया."

तीन दिवस तो आमच्या रांगेत बादली घेऊन उभा राहिला. काकूंनी पुष्कळ सांगितलं, ऐकेना. बायकांनी त्याला नंबर पुढं देऊ केला, तोही घेतला नाही. गल्लीतल्या दोघींची बंद घड्याळं त्यानं कडुलिंबाखाली बसून चालू केली. दर जेवणाला तो काकांना विचारायचा, "कौनसा महीना?" आणि काका घास तोंडाशी थांबवून म्हणायचे, "बोलतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी ती वही आणून काकांच्या मांडीवर ठेवली आणि भांडी घासायला निघून गेल्या. राखेनं घासायची, पाणी नव्हतंच. मी उठू लागले तर काका म्हणाले, "बाई, बसा. साक्षीला कोणीतरी असावं."

त्यांनी वही मित्राच्या हातात दिली. इटालियनमध्ये काहीतरी बोलले. फार थोडं. मला फक्त 'मामा' हा शब्द कळला, तिकडे आईला तसं म्हणतात हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं.

घड्याळवाल्यानं चष्मा लावला. पहिली पट्टी वाचायला त्याला फार वेळ लागला. पुढच्या भरभर वाचल्या. एका पट्टीवर तो थांबला आणि माझ्याकडं बघून, जणू मला कळणं गरजेचं आहे अशा थाटात म्हणाला, "माँ बोलती, आज बहुत पानी गिरा. तेरा छाता इधर ही है. उधर तू क्या करता होगा?" एवढं बोलून त्यानं चष्मा काढला, वही बगलेत धरली आणि भर उन्हात बाहेर पडला.

काका मागं गेले नाहीत. मी गेले, पण लांबून. तो छावणी जिथं होती त्या माळापर्यंत चालत गेला आणि तापलेल्या जमिनीवर तसाच बसून राहिला. शेळ्या राखणारी एक बाई त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली, आपल्या मडक्यातलं पाणी दिलं. तो ते प्यायला. दोन तासांनी परत आला.

काका पायरीवर होते तसेच होते. घड्याळवाला त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हारा कैंची बहुत सीधा."

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे निघाला. काकूंना वाकून नमस्कार केला, मला चॉकलेटचा डबा दिला, काकांशी हात मिळवला. वही घेऊन गेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कुठला महिना हे विचारलं नाही.

त्यानंतरचे काका मला ओळखू येईनासे झाले. सप्टेंबरबद्दल शब्द नाही. जुलैत पाऊस आला, चांगला आला, गल्लीत लोक भिजत उभे राहिले, आणि काका ओसरीवर पाठ करून बसले होते. पंधरवड्यानं पंधरवड्यानं टपालवाल्याला विचारायचे. तो मान हलवायचा. दोनदा त्यांनी टंकलेखन यंत्रात कागद घातला आणि कोराच काढून घेतला.

"मी त्याला म्हणायला हवं होतं की हुकूम होता," एकदा ते मला म्हणाले.

"म्हणाला असतात तर?"

"त्याला ठाऊकच होतं ते. पट्ट्या जाळायचा हुकूम होता, त्या मी ठेवल्या. म्हणजे हुकूम मोडता येत होता, बाई. अर्धा मोडला."

सप्टेंबरच्या शेवटी पाकीट आलं. आत दोन तिकिटं, एक काकांचं, एक काकूंचं, आणि चिठ्ठी. "महिना मी ठरवला आहे. नोव्हेंबर. एक तारखेच्या आत पोचा."

मी काकांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. नोव्हेंबर. पाऊस, नदीला पाणी, मन लागत नाही. मला वाटलं, आता दोन पानी उत्तर जाणार. त्यांनी चिठ्ठी घडी करून शेऱ्याच्या पेनाशेजारी खिशात ठेवली आणि काकूंना म्हणाले, "ऐकलंत का, तुमचा पासपोर्ट काढायचा राहिलाय. उद्याच्या गाडीनं मुंबईला जायला हवं."

ऑक्टोबरच्या अखेरीस ते गेले. काकूंनी नऊवारीवर स्वेटर घातला होता आणि पायात मोजे. स्वेटर ट्रंकेबाहेर यायला पंधरा दिवस अवकाश होता, पण काकांनी स्वतःही घातला. मी त्यांना नगरच्या स्टँडवर सोडायला गेले. काका सगळ्या वाटेत एक इटालियन वाक्य ओठांत घोळवत होते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ते परत आले तेव्हा मी कोपरगावला होते. माझं लग्न ठरलं होतं आणि शाळेतून रजा घेतली होती. राजीनामा द्यायला जानेवारीत भिंगारला गेले. काका बाजारात गेले होते. काकूंनी चहा टाकला, आणि मी एकदम विचारलं, "कसं होतं गाव?"

"गाव मी बघितलं. त्याच्या सुनंसंगं समदं हिंडले. घुमट पाह्यला, केवढा तरी हाय. पुतळे पाह्यले, अंगाव कापड न्हाई एकाच्या. पर ह्यांनी काय पाह्यलं न्हाई. सारखा पाऊस. हे आन् तो, दोघं सैपाकघरात बसलेले. तो घड्याळं उघडतोय आन् हे बारीक बारीक चाकं त्याच्या हातात देत्यात. बोलनं न्हाई."

"काहीच नाही?"

"दोन तारखेला बोलले. त्यांच्यात त्या दिवशी मेलेल्या मानसांकडं जात्यात, फुलं घिऊन. आपली सर्वपित्री आसती ना, तसं. म्हनून तर नोव्हेंबर. आमी गेलो त्याच्या आईच्या थडग्याव. पाऊस, गारठा, नाकाचा शेंडा बधिर. ह्यांनी ते पाठ केल्यालं बोलायला तोंड उघडलं, आन् इसरले. पार इसरले. उगं उभे राह्यले. मग आपलं मराठीतच म्हनाले, 'आई, चुकलं.' एवढंच."

काकूंनी पदरानं डोळे पुसले नाहीत. चहा गाळला.

"तो मला इचारतोय, काय बोलला, काय बोलला. मला कुठं येती त्यांची भाषा? मी आपलं दोन्ही कान धरून दाखवलं. आपन चुकी झाल्याव धरतो तसं."

"मग? कळलं त्यांना?"

"कशाचं कळतंय! त्याला वाटलं, ह्यांच्या कानाला गारठा लागतोय. त्यानं स्वताच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आन् ह्यांच्या डोक्याव घातली. पार खाली वढून, दोन्ही कान झाकूस्तवर."